रिकामी ठेवलेली वाळू

रंजना, आधी माफ कर. माझं अक्षर तुला माहीत आहे, कोंबडी चिखलातून चालत गेल्यासारखं. ऱ्हस्व-दीर्घ शिकवायला घेतलं तेव्हाच मी चौथीतून शाळा सोडून मिठागरावर गेले, म्हणून ते राहूनच गेलं. तू असतीस तर लाल पेन घेऊन बसली असतीस आणि दुसऱ्याच ओळीला हसत सुटली असतीस. आता हसणारं कुणी नाही, म्हणून लिहायला धजते आहे. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं पाठकोरी होती, ती घेतली आहेत. हे कुणाला दाखवायचं नाही.

तेराव्याला सगळे तुझ्याबद्दल बोलले. अलिबागचे तुझे दुकानवाले शेठ बोलले, भजनातल्या बायका बोलल्या, ज्यांनी तुला जिवंतपणी नावं ठेवली तेही चांगलं बोलले. मी दाराआड चहाचे कप धरून उभी होते. कुणीतरी म्हणालं, "तिच्या वहिनीला बोलू द्या की." मी कप तिथेच ठेवून आत पळाले. एवढ्या माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, तुला ठाऊक आहे.

पण एक गोष्ट तुझ्याशीच बोलायची आहे आणि ती मला बसू देत नाही. तुझी माशांची काचेची टाकी. बंगल्यातल्या मॅडमसाठी करत होतीस ती. अजून मधल्या खोलीत आहे. दिवा लागतो, झाडांसाठी सोडलेल्या गॅसचे बुडबुडे वर जातात आणि सगळं वाढतंय. तू गेलीस हे त्या झाडांना कुणी सांगितलेलं नाही. मी भाकरी थापता थापता उठते, टाकीसमोर जाते, कात्री घेते, ठेवते, परत चुलीपाशी येते. भाकरी करपते. तुझा दादा करपलेली खातो.

मी लग्न होऊन थळला आले तेव्हा तू फ्रॉकात होतीस. तरी आईंनी बजावलं, नवऱ्याची बहीण आहे, लहान असली तरी ताई म्हणायचं, अहो म्हणायचं. चारचौघांत मी तुला अहो ताई म्हणत राहिले आणि मागच्या परसात रंजे. तू मात्र पहिल्या दिवसापासून "काय गो वयनी" आणि अगं-तुगं. इथे मी तुला तू म्हणते आहे. आई हे वाचणार नाहीत.

आपलं पहिलं भांडण हंड्यावरून झालं. तेव्हा तू त्या दुकानात नवीन लागली होतीस. खायच्या नव्हे, बघायच्या माशांचं दुकान. गावात ते कुणाला समजेना. कोळीवाड्यातल्या बायका तुला रस्त्यात अडवायच्या, "रंजे, तूपण मासली विकतेस? आमचा धंदा बुडवतेस काय गो?" तू म्हणायचीस, "माझी मासली जित्ती असते, मावशी. तुमची मेलेली." त्या पाटी खाली ठेवून हसायच्या.

एके दिवशी तू खाडीवर वाहून आलेलं एक वेडंवाकडं मूळ खांद्यावर टाकून आणलंस आणि थेट भात उकडायच्या हंड्यात घातलंस. चुलीवर लाकूड उकळतंय, खाली लाकूड जळतंय. आई आल्या.

"रंजे! त्या हंड्यात आपण भात उकडतो. लाकडाचा रस्सा करतेस काय?"

"आई, ह्यातलं खारं पानी काढाया पायजे. न्हायतर मासे मरतील."

"आन् आमी मेलो तर चालंल?"

मी हंडा घासून घासून दमले. त्या वर्षी उकड्या तांदळाला खाडीचा वास आहे असं आई दिवाळीपर्यंत म्हणत होत्या. मला तर कधी आला नाही.

मग तू पिशवीतून एक जुडी काढलीस. लाल शेंड्यांची, नाजूक पानांची. मी हातात घेतली आणि ओळखली. "हे तर आपल्या खाचरातलं तण," मी म्हटलं. "हे उपटून उपटून माझी कंबर गेली."

"दुकानात ह्याची जुडी केवढ्याला जाते माहीत हाय?"

तू भाव सांगितलास. मी म्हटलं, "मग उद्यापासून मी भात उपटते आणि तण राखते."

तू एवढी हसलीस की आईंना वाटलं तुला ठसका लागला. पण मी खरंच राखायला लागले. परसात फुटके टब मांडले, वर हिरवी जाळी ताणली. तू दुकानातून कुठलीही काडी आणायचीस, अर्धी कुजलेली, "बघ गो हिचं काय होतं काय," म्हणायचीस आणि मी ती जगवायचे. झाडाला काय हवं ते मला कळतं. कसं ते सांगता येत नाही. पान बघितलं की कळतं. मग तू मला एक कडेला चीर गेलेली काचेची टाकी दिलीस. मी ती चिकटवून घेतली आणि जे जे होतं ते सगळं त्यात लावलं. महिन्याभरात आतलं काही दिसेना. मला ते फार आवडायचं. दुपारी कारखान्याचा भोंगा झाला की मी हात पुसून तिच्यासमोर बसायचे.

तू वाकून बघितलंस. "वयनी, मासे कुठं हायत?"

"आत हायत."

"दिसत न्हायत."

"त्यांना आपण दिसत न्हाय. म्हणून खूश हायत."

तेव्हापासून आपला वाद सुरू झाला. किती वर्षं चालला गं तो! तू म्हणायचीस, "तुझी ती प्लांटेड टाकी. झाडं बरी, मासे बरे, पाणी नितळ, की तुझं काम झालं. माझं तसं न्हाय. माझं चित्र हाय. मी आधी डोळ्यासमोर जागा बघते. डोंगर, दरी, वाट. मग त्याला झाड शोधते."

"म्हणजे झाड तुझ्या कामाला आलं."

"व्हय. आन् तुझ्याकडं तू झाडाच्या कामाला."

मला राग यायचा, कारण ते खरं होतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते मला कळत नव्हतं.

तुझ्या टाकीत मोठा दगड कधी मधोमध नसायचा. थोडा एका बाजूला, आणि झुकलेला, जणू वाऱ्याने रेललाय. त्याला टेकून लहान दगड. समोर पांढरी वाळू, काचेपाशी रुंद आणि मागे जाता जाता चिंचोळी. मागची झाडं बारीक पानांची, पुढची मोठ्या पानांची. मी म्हणायचे, उलटं कशाला? मोठी मागे लाव, उजेड सगळ्यांना मिळेल. तू म्हणायचीस, "लांबचं बारीक दिसतं ना वयनी? मग बारीक पान लांब ठेवलं की लांब वाटतं." आणि खरंच हातभर टाकीत कोसभर जागा दिसायची. कनकेश्वरच्या डोंगराच्या पायऱ्यांवर दम खायला थांबून मागे वळलं की दिसते तशी. हे मी तुला कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं. मी फक्त म्हणायचे, "एवढी जागा रिकामी. काहीतरी लाव की."

आणि ते कापणं! वाकड्या तोंडाची कात्री घेऊन तू बसायचीस, शेंडे उडवायचीस. नुकती मान वर काढलेली पानं. मी पाण्यावरचे शेंडे गोळा करून माझ्या टबात लावायचे. माझं अर्धं परस तुझ्या कातरकामातून उभं राहिलं आहे.

त्यातलं सगळ्यात वाईट सांगू? ती पहिली मोठी टाकी. घरासाठी केली होतीस. पावसाळाभर तिच्यामागे लागली होतीस. दिवाळीत एक दिवस तू काच आतून-बाहेरून पुसलीस, नळ्या काढल्यास, सगळ्यांना खोलीबाहेर काढलंस, फोटो काढलास आणि म्हणालीस, "चित्र झालं." दुसऱ्या दिवशी मी विहिरीवरून आले तर तू कोपरापर्यंत हात घालून सगळं उपटत होतीस. मी कळशी घेऊन दारातच उभी राहिले.

"काय करतेस गो?"

"झालं ना ते. आता दुसरं."

"जितं हाय ते रंजे!"

"झाडं तू घे. मी चित्र मोडते, झाडं न्हाय मोडत." मी दारातून हलेना, तेव्हा तू म्हणालीस, "आपण गणपती पाण्यात सोडतो ना? तवा रडतेस का?"

"रडते."

तू हात पाण्यातून बाहेर काढलास. मी खरंच रडते, दरवर्षी. तू मला पहिल्यांदा हरवू शकली नाहीस, पण त्याचा मला आनंद झाला नाही. त्या दिवशी आपण दोघी एकमेकींशी बोललो नाही. संध्याकाळी तू माझ्यासाठी भजी आणलीस आणि मी तुझ्यासाठी चहा ठेवला. एवढ्यावर मिटलं. आपल्यात कधी कुणी चुकलं म्हणून मिटलं नाही, भूक लागली म्हणून मिटलं.

तो फोटो शेठनी दुकानात लावला. तोच बघून या मॅडम आल्या. मुंबईच्या, समुद्राकडच्या वाडीत त्यांचा बंगला, शनिवार-रविवार येतात. त्यांनी तुला अर्धे पैसे हातावर ठेवले. तू एवढी मोठी काच पहिल्यांदा आणलीस, दिवा आणलास, गॅसचा सिलिंडर आणलास. बंगला आठवडाभर बंद असतो, तिथे रोज बघणार कोण, म्हणून आधी घरी वाढवायची आणि मग पाणी काढून दादाच्या टेम्पोतून फळीवर न्यायची असं ठरलं. तुझा दादा म्हणाला होता, "नवरी नेल्यासारखी नेईन." मॅडम नाव विचारून गेल्या होत्या, चित्राचं नाव. तू सांगितलं नाहीस. झाल्यावर नाव ठेवते म्हणालीस.

मग तुझं पोट दुखायला लागलं. ते सगळं लिहीत नाही. तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे.

मुंबईला नेताना रेवसच्या धक्क्यावर तू माझा हात धरलास. दादा तिकीट काढायला गेला होता. लाँच लागत होती. मला वाटलं, आता काहीतरी मोठं सांगणार. तू म्हणालीस, "वयनी, पुढची वाळू रिकामी ठेव. काही झालं तरी. एखादं पातं आलं तर चिमट्यानं काढ." मी हो म्हटलं. लाँच लांब गेली तरी मी मान हलवत होते.

रोज मी टाकीसमोर बसायचे. तिकडून फोन यायचा, आज ही तपासणी, उद्या ती. मला रिकामी जमीन बघवत नाही गं. आपल्याकडे भात निघालं की त्याच ओलीवर वाल टाकतात, बांधावर तूर लावतात, मोरीचं पाणी जातं तिथे अळू. हाताला काम नसलं की माझा जीव उडतो. ती वाळू तर अगदी समोर. तू तिकडे पलंगावर आणि इथे ही पांढरी जागा. एके दिवशी डॉक्टर काय म्हणाले ते दादाने फोनवर सांगितलं, आणि मी फोन ठेवून परसात गेले, टबातलं ते रिबिनीसारखं लांब पातं आणलं आणि वाळूत ओळीने लावलं. त्या पात्याला मुळातून दोरा फुटतो, पुढे जाऊन दुसरं रोप उभं करतो, तिथून तिसरं. तू येईपर्यंत वाळू दिसत नव्हती.

तुला दोन बाजूंनी धरून आणलं. तू पलंगावर गेली नाहीस, आधी टाकीपुढे पाट मागितलास. बसलीस. बराच वेळ बघत राहिलीस. मी मागे उभी. मला वाटलं ओरडशील. तू म्हणालीस, "वालाचं शेत केलंस गो वयनी," आणि हसायला लागलीस, पोट धरून, मग दुखलं म्हणून थांबलीस.

"काढते मी," मी म्हटलं.

"असू दे. बरी झाले की मी बघते."

आणि मी मूर्ख, मला तेव्हाही वाद सुचला. मी म्हटलं, "काय वाईट हाय त्यात? सगळं जितं हाय. वाढतंय."

"वाढतंय तेच ना. सगळीकडं वाढलं तर बघायचं कुठून?" तुझा आवाज अगदी बारीक झाला होता. "तू मिठागरातली ना गो? तुला रिकामं कळाया पायजे."

मला ते लागलं. माझ्या माहेराला कशाला मध्ये आणतेस, असं मनात आलं. मी तुझ्यासाठी पेज आणायला गेले. आले तर तू पाटावरच भिंतीला टेकून झोपली होतीस. त्यानंतर आपण टाकीबद्दल बोललो नाही. औषध, पाणी, उशी, कूस, एवढंच. तू "असू दे" म्हणालीस ते मला माफ केलंस म्हणून, की आता काय फरक पडतो म्हणून? रोज विचारते. टाकीतून बुडबुडे येतात, बाकी काही येत नाही.

तेरावं झालं आणि पुढच्या शनिवारी मॅडम आल्या. वाईट बाई नाहीत. चप्पल बाहेर काढली, आईंच्या पाया पडल्या. म्हणाल्या, घाई नाही, फक्त बघून जाते. मी दाराआड. त्या मधल्या खोलीत गेल्या आणि त्यांचा आवाज ऐकू आला, "ओ गॉड, किती ग्रीन आहे! किती सुंदर! हेच मला हवं होतं." मग त्या रडल्या. खरंच रडल्या. "आपण खाली पितळेची छोटी पट्टी लावू या. रंजनाचं नाव. तिचं शेवटचं काम म्हणून."

तुझ्या दादाने मान हलवली. म्हणाला, "पुढच्या रविवारी आणून देतो."

त्या गेल्यावर मी बाहेर आले. "ते तिचं न्हाय," मी म्हटलं.

"काय?"

"ते चित्र न्हाय. मी लावलंय ते. तिचं चित्र त्याच्याखाली बुडलंय."

"मॅडमना आवडलं ना?"

"त्यांना फरक कळत न्हाय."

"मग झालं की. कुणाला कळणार हाय?"

"रंजूला कळलं असतं."

आतून आईंचा आवाज आला. "माझ्या पोरीचं नाव पितळेत लागतंय, तर लागू दे ना गो. दुसरं काय राहिलंय तिचं?"

तुला ना लेकरू, ना घर. चित्रं सगळी तूच मोडलीस. मी नको म्हटलं तर आईंच्या हातातून तुझं नाव काढून घेतल्यासारखं. हो म्हटलं तर तुझ्या नावाखाली वालाचं शेत. लोक येतील, बंगल्यातले पाहुणे, म्हणतील रंजना म्हणजे ही, हिला एवढंच येत होतं. खाताना, झोपताना, पाणी भरताना, हेच.

मी म्हटलं, आपणच काढू. अजून आठवडा आहे. चिमटा घेतला, एक पातं ओढलं. त्याचा दोरा मोठ्या दगडाखालून गेला होता. मी जोर केला. दगड हलला, कलला, आणि खालची काळी माती वाळूवर सांडली. पाणी चहासारखं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. मी बादलीने पाणी काढत होते, घालत होते. पाणी निवळलं, पण तू ठेवलास तसा रेललेला दगड भलत्याच बाजूला झुकला. मी तो परत बसवायला गेले. असा, तसा, थोडा पुढे. प्रत्येक वेळी तो नुसता दगड दिसायचा. तू ठेवलास तेव्हा डोंगर होता. मला त्यातलं एकेक पान ओळखीचं आहे रंजे, पण कुठलं कुठे ठेवायचं ते येत नाही. ते मला येणार नाही. त्या दिवशी मला आपला वाद कळला. इतकी वर्षं मला वाटायचं, तू माझ्यासारखीच झाडं लावतेस, फक्त कमी लावतेस.

मी ओल्या हाताने तिथेच बसले होते. आई आल्या. टाकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "तिचं कसं होतं ते दाव मला."

तुझ्या फोनमध्ये होतं. मुंबईला जायच्या आदल्या दिवशी तू काढून ठेवलेला फोटो. मी आईंना चष्मा दिला. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला.

"ह्यात तर काय न्हायच."

मी ओले हात पदराला पुसले.

आई बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण किती लांब दिसतंय गो."

फोन मला दिला आणि पदराने डोळे पुसत गेल्या. पट्टीचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्या रात्री मला माझ्या बाबाचं मिठागर आठवलं. मी ते आठवत नाही कधी, पायाला पडलेल्या चिरांशिवाय तिथे काही नव्हतं असं वाटायचं. पण हे आठवलं. पाणी घ्यायच्या आधी बाबा आम्हा पोरांना ओळीने उभं करून कोंडीची, म्हणजे मीठ धरायच्या वाफ्याची, जमीन पायाने तुडवून घ्यायचा, अगदी गुळगुळीत. कडेने गवताचं एक पातं दिसलं तरी ओरडायचा, काढ ते. मी विचारलं होतं, असू दे की, एवढंसं तर आहे. तो म्हणाला, "जागा साफ ठेव. मीठ आपोआप पिकतं." आणि सकाळी त्या रिकाम्या जागेवर पांढरी साय धरलेली असायची. तू पेज यायच्या आधी झोपली नसतीस तर हे कदाचित मला तेव्हाच आठवलं असतं. कदाचित नसतंही. मी रागात होते.

शनिवारी मॅडम आल्या तेव्हा मी दाराबाहेर आले. तुझ्या दादाने वळून बघितलं, जणू कपाट चालत आलं.

"मॅडम, हे रंजनाचं नाही."

"म्हणजे?"

"हे मी लावलेलं आहे. झाडं चांगली आहेत, मासे चांगले आहेत. पण तिने ही पुढची जागा रिकामी ठेवली होती. ती मी भरली. आता मला परत करता येत नाही."

त्यांनी टाकीकडे बघितलं. "पण मला हे आवडलंय हो."

"आवडू दे. तिचं नाव नका लावू."

"बरं, नावाशिवाय द्या मग."

हे मला सुचलंच नव्हतं. दादा माझ्याकडे बघत होता, हो म्हण, हो म्हण. मी म्हटलं, "तुम्ही चित्राचे पैसे दिले होते. हे परसातलं आहे. परसातलं मी तुम्हाला चित्राच्या किमतीला कसं देऊ? तुमचे पैसे परत करते."

"अहो, मी कुठे मागतेय? ती गेली बिचारी. राहू द्या ते."

बिचारी म्हटलं आणि माझा आवाज सुटला. "ती बिचारी नव्हती. तिने कुणाचं काम अर्धं ठेवून पैसे ठेवून घेतले नाहीत. आम्ही देऊ. थोडे थोडे देऊ, पण देऊ."

मग मी परत आत पळाले, ते वेगळं. चुलीत उगाच फुंकर घालत बसले. दादा आत आला. मला वाटलं रागावेल. म्हणाला, "तुला बोलता येतं?" आणि पाणी प्याला.

एवढं लिहून ही पानं बरेच दिवस ठेवून दिली होती, आज पुन्हा घेतली. सिलिंडर तेव्हाच शेठना परत दिला. गॅस गेल्यावर तुझं ते गवतासारखं बारीक झाड पिवळं पडलं, ते मला वाचवता आलं नाही. पण पातं काही थांबेना. मग मी शिकले, ओढायचं नाही. दगडापाशी दोरा कात्रीने तोडायचा, तुझ्या वाकड्या कात्रीने, आणि रोप अलगद उचलायचं. दर बाजाराला थोडी थोडी काढायची, केळीच्या सोपटाच्या दोऱ्याने जुड्या बांधायच्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून अलिबागला न्यायच्या. शेठ म्हणायचे, "रंजनाची वहिनी ना? माल चांगला आहे." टबातलं तणही विकलं, लाल शेंड्यांचं. दादाने टेम्पोच्या भाड्यातले पैसे डब्यात टाकले. आईंनीसुद्धा, पितळेच्या पट्टीऐवजी हे, म्हणत. प्रत्येक वेळी पाकीट घेऊन दादा बंगल्यावर जायचा.

शेवटच्या जुड्या काल बांधल्या. त्यांच्याबरोबर वाळूतलं शेवटचं पातंही गेलं. वाळू परत दिसते आहे. तुझी होती तशी नाही, करडी झाली आहे, दगड भलतीकडेच झुकला आहे, मागची झाडं मला वाटतात तशी वाढली आहेत. ह्याला मी तुझं चित्र म्हणत नाही. पण ती पुढची जागा रिकामी आहे. माझा हात सारखा तिकडे जातो. मी तो मागे घेते.

दादा टेम्पो घेऊन आगरदांड्याला गेला होता, म्हणून आज शेवटचं पाकीट घेऊन मी एकटीच बंगल्यावर गेले. फाटकाची घंटा मीच दाबली. दोनदा दाबली, पहिल्यांदा वाजलीच नव्हती. मॅडम बाहेर आल्या, म्हणाल्या, "अहो, कशाला, पुरे आता." मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते न उघडता टेबलावर ठेवलं, चहा घेणार का विचारलं.

"मोजून घ्या," मी म्हटलं.

त्या खुर्चीत बसल्या, पाकीट उघडलं आणि एकेक नोट मोजली. मी उभी होते, दाराआड नव्हते. पैसे पुरे भरले.